माणूस जन्मतः स्वार्थी असतो की निःस्वार्थी? मदत करणाऱ्यालाही समाधान मिळतं, मग तोही स्वार्थीच की!

बहुतेक माणसं 'बाकीचे देतायत ना, मग मीही देतो' या हिशेबाने चालतात, आणि त्या हिशेबातही स्वतःला जरा झुकतं माप देतात. पक्के स्वार्थी असतात, पण अल्पसंख्य. काहीही झालं तरी देतच राहणारे त्याहून कमी. हे मोघम वाटेल, पण गेल्या चाळीसेक वर्षांत बऱ्यापैकी मोजलं गेलं आहे.

त्याआधी तुमच्या प्रश्नातली दुसरी ओळ निकालात काढतो, कारण या विषयावरचे निम्मे वाद तिथेच रुततात. तुम्ही विचारलंय, मदत करणाऱ्यालाही समाधान मिळतं, मग तोही स्वार्थीच की! याचं उत्तर जोसेफ बटलर या इंग्रज धर्मोपदेशकाने 1726 मध्येच दिलं होतं. एखादी गोष्ट मिळाल्याचं समाधान होतं, कारण ती हवी असते. दुसऱ्याचं भलं व्हावं असं मुळात वाटतच नसेल, तर ते झाल्यावर बरं वाटणार कशाने? तहान नसलेल्याला पाणी पिऊन तृप्ती मिळत नाही. समाधान मागून येतं, इच्छा आधी असते. शिवाय 'स्वार्थ' हा शब्द इतका ताणला की जीव वाचवणारा आणि जीव घेणारा दोघेही त्यात बसले, तर त्या शब्दाने काहीच कळत नाही.

असाच दुसरा घोळ जनुकांचा: मदतीची प्रवृत्ती जनुकांच्या फायद्यामुळे टिकली, म्हणजे मदत करणाराही स्वार्थीच, असं म्हणतात. जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टनने 1964 मध्ये गणित मांडलं: नात्याची जवळीक गुणिले समोरच्याचा फायदा हा आपल्या नुकसानापेक्षा जास्त असेल, तर मदतीची प्रवृत्ती उत्क्रांतीत टिकते. सख्ख्या भावंडासाठी ही जवळीक एक द्वितीयांश, चुलत किंवा मावसभावासाठी एक अष्टमांश. नात्याबाहेरच्या मदतीसाठी रॉबर्ट ट्रिव्हर्सने 1971 मध्ये परतफेडीचा ('आज मी तुला, उद्या तू मला') सिद्धांत दिला. दोन्ही बरोबर आहेत. पण ते प्रवृत्ती टिकली का हे सांगतात, मदत करताना मनात काय चाललंय हे सांगत नाहीत. तापाने फणफणलेल्या बाळाजवळ रात्रभर जागणारी आई एक द्वितीयांशाचा हिशेब करत बसत नाही.

मग मनात काय चाललंय हे तपासायचं कसं? मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये केलेला प्रयोग मला या सगळ्यात हुशार वाटतो. विद्यार्थिनींना पडद्यावर 'इलेन' नावाच्या मुलीला विजेचे झटके बसताना दाखवलं. (ती अभिनय करत होती, झटके खोटे होते.) इलेनच्या 10 फेऱ्या होणार होत्या. निम्म्या जणींना सांगितलं की तुम्हाला पहिल्या 2 फेऱ्याच बघायच्या आहेत. उरलेल्यांना सगळ्या बघायच्या होत्या. मग विचारलं, तिच्या जागी बसून उरलेले झटके तुम्ही घ्याल का?

गोम अशी की, दुसऱ्याचं दुःख बघवत नाही म्हणून मदत करणाऱ्याला उठून जाणं हा स्वस्त उपाय आहे. दार उघडं असेल तर असा माणूस निघून जाईल. पण खरोखर इलेनचीच काळजी असेल, तर निघून गेल्याने काही सुटत नाही, तिला झटके बसतातच. सहानुभूती कमीजास्त करण्यासाठी इलेनच्या आवडीनिवडी काहींना स्वतःसारख्या दाखवल्या, काहींना अगदी वेगळ्या. चार गट, प्रत्येकात 11 जणी. इलेन वेगळी वाटलेल्यांत, जायची मोकळीक होती तेव्हा फक्त 18 टक्के तयार झाल्या. मोकळीक नसताना 64 टक्के. इलेन आपल्यासारखी वाटलेल्यांत मात्र मोकळीक असूनही 91 टक्के, नसताना 82.

म्हणजे काढता पाय घ्यायची सोय असूनही दुसऱ्याचा त्रास अंगावर घेणारी प्रेरणा असते, निदान जिथे आपलेपणा वाटतो तिथे. तरी 11 जणींच्या गटांवरून मानवजातीचा निकाल लावू नये. रॉबर्ट चाल्डिनी यांनी 1987 मध्ये शंका काढली की या मुली स्वतःची उदासी घालवायला मदत करत असतील. तो वाद पुढे बरीच वर्षं चालला आणि बॅटसननी एकेक पर्यायी खुलासा तपासायला नवनवे प्रयोग रचले. माझं मत विचाराल तर पारडं बॅटसनच्या बाजूला आहे, पण हा सहानुभूतीचा नळ 'आपला' कोण यावर उघडतो आणि बंद होतो, हेही त्याच प्रयोगात दिसतं.

आता पैशांचे खेळ. सर्वांत साधा 'डिक्टेटर गेम': एकाला रक्कम द्यायची आणि म्हणायचं, अनोळखी माणसाला हवं तेवढं दे, नाही दिलंस तरी चालेल. क्रिस्टोफ एंगेल यांनी 2011 मध्ये असे शेकडो प्रयोग एकत्र केले, तेव्हा सरासरी 28 टक्के रक्कम दिली गेल्याचं दिसलं. सुमारे 36 टक्के लोक काहीच देत नाहीत, 17 टक्के बरोब्बर अर्धे देतात. यावरून 'बघा, माणूस उदार आहे' म्हणायची घाई करू नका. जॉन लिस्ट यांनी 2007 मध्ये एकच नियम बदलला: द्यायचं तर द्या, किंवा समोरच्याच्या वाट्यातला एक डॉलर काढून घ्या. देणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. पहिल्या खेळात 'शून्य' हा सगळ्यांत हलकट पर्याय होता. दुसऱ्यात तोच सज्जनपणाचा ठरला.

त्याच वर्षीचा जेसन डाना आणि सहकाऱ्यांचा प्रयोग याहून बोचरा आहे. पर्याय दोन: मला 6 डॉलर आणि त्याला 1, किंवा दोघांना 5-5. सगळं उघड असताना 74 टक्के लोकांनी 5-5 निवडलं. मग समोरच्याला किती मिळणार ते झाकून ठेवलं. एक बटण दाबलं की, फुकटात, दिसणार होतं. 44 टक्के लोकांनी बटण दाबलंच नाही. आपण स्वार्थी आहोत हे स्वतःलाही कळू नये, एवढी सोय अनेकांना पुरते.

पण या विषयाचा गाभा मला तिसऱ्या खेळात दिसतो, सार्वजनिक निधीच्या खेळात. चार जण, प्रत्येकाकडे 20 नाणी. हवी तेवढी निधीत टाकायची. निधीतल्या प्रत्येक नाण्यामागे चौघांनाही 0.4 नाणं मिळतं, टाकणारा कोणीही असो. सगळ्यांनी 20 टाकली तर प्रत्येकाच्या हाती 32. कोणीच नाही टाकली तर 20. तिघांनी सगळी टाकली आणि चौथा फुकट्या निघाला, तर त्याला 44 आणि तिघांना 24-24. एकट्यानेच टाकली तर त्या बिचाऱ्याला 8, बाकीच्यांना 28.

असा खेळ दहा फेऱ्या खेळवला, तर स्वार्थी माणसाने पहिल्या फेरीपासून शून्य टाकायला हवं. तसं होत नाही. सुरुवात साधारण निम्म्यापासून होते आणि दहाव्या फेरीपर्यंत वर्गणी घसरत बरेच जण शून्यावर येतात. लोक स्वार्थी असतील तर सुरुवात जुळत नाही, निःस्वार्थी असतील तर शेवट जुळत नाही.

उर्स फिशबाखर, सिमोन गेश्टर आणि अर्न्स्ट फेर यांनी 2001 मध्ये 44 विद्यार्थ्यांना वेगळ्या पद्धतीने विचारलं: बाकीच्यांनी सरासरी 0 टाकली तर तू किती, 1 टाकलं तर किती, असं 20 पर्यंत. सुमारे निम्मे 'सशर्त' निघाले: इतरांची वाढली की यांचीही वाढे. सुमारे 30 टक्के सरळ फुकटे. आणि सशर्तवाल्यांतही बरेच इतरांच्या सरासरीपेक्षा थोडं कमीच टाकत. घसरणीचं कारण इथे उघडं पडतं. फुकट्यांमुळे सरासरी खाली येते, सशर्तवाले ती बघून हात आखडता घेतात, तेही थोडा जास्तच, आणि पुढच्या फेरीत सरासरी आणखी खाली. गट स्वार्थी दिसू लागतो, पण त्यातली बरीच माणसं स्वार्थी नसतात, रागावलेली असतात.

राग खराच असतो याचा पुरावा फेर आणि गेश्टर यांच्या 2002 च्या प्रयोगात आहे. पदरचं 1 नाणं खर्चून फुकट्याची 3 नाणी कापता येत होती. गट दर फेरीला बदलत असल्यामुळे कापणाऱ्याला त्याचा पुढे काहीही लाभ नव्हता. तरी लोकांनी पदरमोड करून कापली, आणि वर्गणी घसरायच्या ऐवजी चढली. मात्र 2008 मध्ये 16 शहरांत शिक्षेचा असाच खेळ मांडला, तेव्हा काही ठिकाणी जास्त वर्गणी देणाऱ्यांनाच शिक्षा झाली. 'फार शहाणा लागून गेलास' ही भावना जगभर आहे, प्रमाण वेगळं एवढंच.

'जन्मतः' असं विचारलंय म्हणून मुलांबद्दल थोडं. वॉर्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं की 18 महिन्यांची बाळं, हात भरलेल्या मोठ्या माणसाला कपाटाचं दार उघडून देतात, खाली पडलेली वस्तू उचलून देतात, कोणी न सांगता आणि बक्षीस नसताना. 2008 मध्ये त्यांनाच आढळलं की बक्षीस द्यायला लागल्यावर 20 महिन्यांच्या मुलांची मदत कमी होते. वाटून घेणं मात्र उशिरा येतं: तीन-चार वर्षांची मुलं बहुतेक स्वतःचंच बघतात, समान वाटपाचा आग्रह सात-आठ वर्षांच्या सुमारास दिसतो. मदत आणि वाटणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एका शब्दात कोंबू नका.

आणि 'माणूस अंतःप्रेरणेने उदार, विचार केला की स्वार्थी' हे वाक्य तुम्ही कुठे वाचलं असेल तर सोडून द्या. 2012 मध्ये एका प्रयोगावरून त्याचा गाजावाजा झाला, पण 2017 मध्ये 21 प्रयोगशाळांनी तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो टिकला नाही.

सार्वजनिक निधीचा खेळ करून बघायचा असेल तर चार जण, काड्या किंवा बटणं, आणि हिशेबाला पाचवा माणूस पुरतो. आकडा चिठ्ठीवर लिहून द्यायचा, पाचव्याने फक्त एकूण बेरीज वाचायची आणि तिला 0.4 ने गुणायचं. चुका ठरलेल्या असतात. चिठ्ठीवर नाव दिसलं की लोक लाजेने जास्त टाकतात. खेळाआधी गप्पा मारू दिल्या की वर्गणी चांगलीच वाढते, म्हणून पहिल्या वेळी बोलणं बंद. शेवटी 'विजेता' जाहीर करू नका. केलात तर लोक कमाई सोडून इतरांना मागे टाकायला खेळतात आणि तुम्ही स्वार्थाऐवजी ईर्षा मोजता. काड्यांच्या बदल्यात शेवटी काहीतरी खरंखुरं मिळायला हवं, नाहीतर सगळेच दानशूर होतात. आणि सुरुवातीला निधीच्या खेळाची वरची चारही उदाहरणं (सगळे, कोणीच नाही, एक फुकट्या, एकटाच) प्रत्येकाकडून सोडवून घ्या, कारण नियम न कळलेला माणूस आणि उदार माणूस आकड्यांत सारखेच दिसतात.

दहा फेऱ्या झाल्या, वर्गणी आपटली, की आधी न सांगितलेल्या आणखी फेऱ्या अचानक जाहीर करा. जेम्स अँड्रिओनी यांनी 1988 मध्ये असंच केलं होतं. लोक दहा फेऱ्यांत नुसते स्वार्थ 'शिकले' असते तर अकराव्या फेरीतही आकडा तळालाच राहिला असता. तो पुन्हा वर उडी मारतो.