बाबांच्या हातासाठी ४ लाख ८० हजारांचा हातमोजा?

प्रश्न (देवगड तालुक्यातून): बाबा ६६ वर्षांचे. पाच महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात अजून नीट चालत नाही. मुंबईचा धाकटा भाऊ म्हणतो, व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणारं यंत्र) आणि स्पर्श जाणवून देणारा हातमोजा घेऊ. किंमत ४,८०,००० रुपये, शिवाय सॉफ्टवेअरचे वर्षाला ३६,०००. बाबांचे १५ लाख ऑक्टोबर २०२३ पासून बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत. ते मोडावेत का? फिजिओथेरपिस्ट घरी येण्याचे ६०० घेतात, आठवड्यातून दोनदा बोलावतो.

उत्तर: खातं मोडू नका. या योजनेत लागतील तेवढे काढून उरलेले ठेवायची सोय नाही. हातमोज्यासाठी पंधराच्या पंधरा लाखांचं खातं बंद होईल आणि दोन वर्षं उलटून गेल्यामुळे एक टक्का, म्हणजे १५,००० रुपये कापले जातील. तुम्हाला ८.२ टक्के दर पाच वर्षांसाठी बांधून मिळालाय. दर तिमाहीला ३०,७५० रुपये हातात येतात, ते मुद्दलाला धक्का न लावता.

आता हातमोजा. यात दोन जाती. एकात बोटांच्या टोकांशी छोट्या मोटरी थरथरतात, बस. दुसऱ्यात तारा किंवा ब्रेक बोटांना अडवतात, त्यामुळे पडद्यावरचा चेंडू खरंच मुठीत आल्यासारखा वाटतो. किंमत बघता तुमचा दुसरा असावा, पण विक्रेत्याकडून लेखी घ्या. त्याहून मोठा प्रश्न असा की बाबांची बोटं आखडून मूठ वळलेली असेल तर हातमोजा चढवणार कोण? त्यालाच दोन माणसं आणि अर्धा तास लागला तर आठवड्याभरात तो कपाटात जाईल. आणि बोटांची जाणीवच गेली असेल तर ती थरथर त्यांना कळणारही नाही. जाणीव किती उरलीय हे थेरपिस्टकडून तपासून घ्या.

व्हीआर थोतांड नाही. वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ७२ चाचण्या होत्या (सगळ्या प्रकारच्या व्हीआरच्या, फक्त हातमोज्यांच्या नव्हेत). तेव्हा हाताच्या बाबतीत व्हीआर नेहमीच्या व्यायामापेक्षा सरस ठरलं नाही (२०२५ च्या नव्या आढाव्यात किंचितच सरस ठरलं). नेहमीच्या उपचारांना जोड दिली आणि व्यायामाचा एकूण वेळ वाढला, तेव्हा मात्र फायदा दिसला. वेळ वाढवायचा तर तुमच्याकडे स्वस्त मार्ग आहे. ४,८०,००० भागिले ६०० म्हणजे ८०० भेटी, आठवड्याला पाच धरल्या तर तीन वर्षं. आणि इतकेही लागणार नाहीत: महिन्याला साधारण २२ भेटींचे १३,२०० होतात, त्यातले १०,२५० व्याजातूनच येतात. उरलेले तीन हजार मुंबईकरांनी पाठवावेत. उत्साह त्यांचाच आहे.

हे लगेच सुरू करा. झटक्यानंतरचे पहिले काही महिने सुधारणा सर्वांत वेगाने होते. पुढेही होते, पण सावकाश. स्पर्शाचा सराव घरीही होतो. थेरपिस्टला विचारून कुळथाच्या टोपात सुपारी लपवा आणि बाबांना न बघता शोधायला लावा. व्हीआरमध्ये खेळाची गोडी असते, प्रगती आपोआप मोजली जाते, आणि चेंडू दाबून कंटाळलेल्या माणसासाठी ते थोडं नाही. म्हणून दार बंद करू नका. विक्रेत्याकडे दोन महिने भाड्याने मागा. आधी आणि नंतर, एका मिनिटात बाबा किती ठोकळे एका खणातून दुसऱ्यात टाकतात ते थेरपिस्टला मोजू द्या. आकडा नुसत्या भेटींपेक्षा ठळक वाढला तर पुन्हा लिहा, तेव्हा घरी आंब्याचं उत्पन्न असेल तर त्या पैशांचा विचार करू. विक्रेता भाड्याने द्यायला तयार नसेल तर विषय संपला. खारी हवा, पावसाळ्यात जाणारी वीज आणि दुरुस्तीसाठी मुंबई गाठणं, हा धोका त्याने तुमच्या गळ्यात का मारावा?

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. बाबांचा उजवा हात चालत नाही, म्हणजे सहीही जुळणार नाही, आणि व्याज त्यांच्याच बचत खात्यात जमा होतं. सही करू न शकणाऱ्या आजारी खातेदाराला दोन साक्षीदारांसमोर अंगठा लावून पैसे काढता येतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी लागतो. शाखेत जाऊन ही व्यवस्था लावून घ्या आणि बचत खात्यात आईचं नाव जोडता येईल का तेही विचारा. हातमोजा थांबेल, हे काम या आठवड्यातच करा.