फ्रान्सच्या राजाचं, चौदाव्या लुईचं जुनं एन्ग्रेव्हिंग (तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र) विकत घेताना अस्सल कसं ओळखायचं?

आधी कागद उजेडासमोर धरा. सतराव्या शतकातल्या हातकागदात चाळणीच्या तारांच्या बारीक रेघा दिसतात. त्या नसून कागद एकसारखा गुळगुळीत असेल, तर ती छाप त्या काळातली नाही. असा कागद युरोपात 1750 नंतरच आला.

मग भिंग घ्या. ठिपक्यांची जाळी दिसली की ती आधुनिक छपाई, विषय संपला. खऱ्या कामात रेघ बारीक सुरू होते, फुगते, पुन्हा निमुळती होते. रोबेर नांतय (1623–1678) हा या कामातला उस्ताद. गालाची सावली, केसांची चमक, मखमल, सगळं रेघांच्या खेळातून! लुईचे चेहरे त्याने प्रत्यक्ष समोर बसवून रेखाटले होते. मला विचाराल तर मोठ्या दरबारी चित्रांपेक्षा त्याचे साधे लंबगोलातले चेहरेच जास्त बोलतात.

आता खरी गोम. जुने ताम्रपट, म्हणजे चित्र कोरलेले तांब्याचे पत्रे, टिकून राहतात आणि त्यांवरून नंतरही छापा काढतात. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयाचा तर त्यासाठी वेगळा विभागच आहे. अशा छापेत रेघ अस्सल, पण कागद नवा आणि झिजलेल्या पटामुळे सावल्या फिकट. किंमत त्या मानानेच द्या.

छापताना ताम्रपटाच्या कडेची कागदावर उमटणारी दाबखूण नाही म्हणून लगेच नाकारू नका. जुने संग्राहक कडा सर्रास कापून टाकत. आणि घरी आणल्यावर सेलोटेप लावू नका, प्लीज.