पायावरची सरकती रेघ

प्रश्न : आम्ही पंचवटीत राहतो. बांधकामासाठी आणलेल्या वाळूच्या ढिगावर माझा 9 वर्षांचा मुलगा पावसाळाभर अनवाणी खेळला. आता तळपायावर लाल, नागमोडी रेघ उठली आहे. रोज थोडी पुढे जाते. खाजेपायी रात्रभर झोप नाही. शेजारच्या काकूंनी दिलेलं गजकर्णाचं मलम लावलं, काही फरक नाही.

उत्तर : ताई, रेघ सरकते हे तुम्ही टिपलंत, निम्मं निदान तिथेच झालं. गजकर्ण गोल पसरतं, असं चालत नाही. कुत्र्यामांजरांच्या विष्ठेतली अंकुशकृमी नावाच्या जंताची अंडी ओल्या वाळूत उबतात आणि त्यातल्या अळ्या उघड्या पायातून शिरतात. माणूस त्यांचं खरं घर नव्हे, त्यामुळे खोल जायची वाट न मिळून बिचाऱ्या (अळ्या हो!) कातडीच्या वरच्या थरातच भटकतात.

औषध सोपं आहे. आयव्हरमेक्टिनची एक मात्रा, वजनाच्या किलोमागे 200 मायक्रोग्रॅम. नाहीतर अल्बेंडाझोल, साधारण 3 दिवस. मुलाचं वजन करून त्वचारोगतज्ज्ञच काय ते ठरवतील, दुकानातून परस्पर गोळी आणू नका. काही दिवसांत खाज उतरते. अळी काही आठवड्यांत आपोआपही मरते, पण तोवर खाजवून जखम चिघळते.

सुईने टोचणं, चटका देणं, बर्फ घासणं अजिबात नको. अळी दिसणाऱ्या टोकाच्या पुढे गेलेली असते, भाजते ती नुसती कातडी. आणि तो ढीग आजच ताडपत्रीने झाका. गल्लीतल्या कुत्र्यांना तेवढीच मऊ जागा सापडते.