बॉडी शॉपसाठी क्लिअर, सीलर कोणतं घ्यावं? पूर्ण पेंट सिस्टम एकाच कंपनीची हवी का?

तुम्ही लिहिलंय की जतला तुमचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, रंग मारायचा बूथ नवीन टाकलाय. क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक चकचकीत थर, चांगल्या कंपनीचं घेणार, पण त्यात मिसळून थर कडक करणारा हार्डनर बाजारात अर्ध्या किमतीत मिळतो तो वापरणार, रंगाखाली मारायचा सीलर वगळणार, आणि कंपनीचा माणूस शेड बनवायचं मिक्सिंग मशीन फुकट देतो म्हणतोय ते घ्यावं का, हा प्रश्न. बाकीचं कुणीही सांगेल. हार्डनरचं मी सांगतो, कारण त्यावरूनच माझी आणि माझ्या मामेभावाची भागी तुटली.

तो अर्ध्या किमतीतला हार्डनर चालणार नाही. क्लिअर, त्याचा हार्डनर आणि थिनर ही तिन्ही एकाच सिस्टमची घ्यायची. प्रायमर दुसऱ्या कंपनीचा असला तर एक वेळ निभावतं, लांबी (खड्डे भरायची पुटी) कुठलीही चालते. या तिघांत भेसळ नको.

आमचं गॅरेज कुडाळ एमआयडीसीत. श्रावणात आमच्याकडे एकच गर्दी असते, कारण गणपतीला चाकरमानी यायच्या आत प्रत्येकाला गाडी चकाचक हवी. अशाच दिवसांत मालवणच्या एका हॉटेलवाल्यांची पर्ल व्हाइट गाडी आली. मागून टेम्पोने ठोकलेली. डिकी, मागचा बंपर आणि डावा क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा पत्रा). पर्ल व्हाइट म्हणजे तीन थरांचं काम: खाली पांढरा ग्राउंड, वर पर्लचा पातळ थर, त्यावर क्लिअर. पर्लचा एक कोट कमी-जास्त झाला तरी शेड हलते, म्हणून आधी कार्डावर दोन, तीन, चार कोट मारून गाडीला लावून बघावं लागतं. ते सगळं मी केलं आणि शेड मिळवली. क्लिअरच्या वेळी आमच्या सिस्टमचा हार्डनर संपला होता. डीलर म्हणाला दोन दिवसांनी मालाची गाडी येईल. मामेभाऊ फर्निचर पॉलिशच्या दुकानातून पीयूचा (लाकडाच्या पॉलियुरेथेन पॉलिशचा) हार्डनर घेऊन आला.

मी तिथेच नको म्हटलं. तो म्हणाला, "गाडयेक काय कळता खयचो हार्डनर तो?" गिऱ्हाईक बाहेर उभं होतं, भागीत त्याचा शब्द मोठा होता आणि स्प्रे गन त्याच्या हातात होती. त्याने मारलं. झळाळी उत्तम आली, हे मान्य करायलाच हवं. गाडी बाहेर पडली तेव्हा कुणालाही फरक दिसला नसता.

मी मात्र उरलेला माल फेकला नाही. एक टाकाऊ पत्रा त्याच पांढऱ्याने मारून मधोमध मास्किंग टेप लावली, एका बाजूला तो पीयूवाला हार्डनर घातलेलं क्लिअर मारलं. डीलरकडून माल आल्यावर दुसऱ्या बाजूला तेच क्लिअर आमच्या हार्डनरने मारलं. पत्रा गॅरेजच्या छपरावर, दक्षिणेच्या उन्हात तारेने बांधून ठेवला.

शिमग्याच्या सुमारास ते हॉटेलवाले गाडी घेऊन आले. "ही डिकी दुसऱ्या गाडयेची लावलात काय?" एवढंच म्हणाले. डिकी आणि क्वार्टर पिवळट, दरवाजे पांढरेशुभ्र. मामेभाऊ म्हणाला ऊन लागलं, समुद्राची हवा लागली. डिकीवर त्यांनी रामेश्वराच्या नावाचं स्टिकर लावलं होतं, आमच्या कामानंतर. मी हेअर ड्रायरने ते गरम करून हळूहळू सोलून काढलं. खाली अक्षरांच्या आकाराचा स्वच्छ पांढरा रंग होता, भोवती पिवळा. मामेभाऊ लगेच म्हणाला, बघ, ऊनच! बरोबर, ऊनच. पण कंपनीच्या मूळ रंगाचं गाडीचं छप्पर आणि दरवाजे त्याच उन्हात, त्याच मालवणात उभे होते. ते का नाही पिवळे पडले? यावर त्याच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

कारण साधं आहे. टूके, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायच्या, क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. गाडीच्या क्लिअरसाठी ते अ‍ॅलिफॅटिक जातीचं, बहुतेक वेळा एचडीआय नावाच्या प्रकारावर बनलेलं असतं. ते उन्हात टिकतं. लाकडाच्या पीयूचे कितीतरी स्वस्त हार्डनर अ‍ॅरोमॅटिक, म्हणजे टीडीआय नावाच्या प्रकारावर बनलेले असतात. लवकर कडक होतात, स्वस्त पडतात, आणि अतिनील किरण लागले की पिवळे पडतात. घरातल्या कपाटाला ते खपून जातं, कारण कपाट उन्हात उभं राहत नाही. शिवाय क्लिअरच्या रेझिनला आयसोसायनेट किती लागतं ते कंपनीने मोजून गुणोत्तर ठरवलेलं असतं. परका हार्डनर घातलात की ते गणित तुटतं. कमी पडला तर थर मऊ राहतो, नखाचा ओरखडा उठतो, पेट्रोल सांडलं तर डाग पडतो. जास्त झाला तर ठिसूळ.

छपरावरचा तो पत्रा आता माझ्या मिक्सिंगच्या खोलीत भिंतीला ठोकलेला आहे. टेपच्या रेषेच्या एका बाजूला जुन्या पोस्टकार्डासारखा रंग, दुसऱ्या बाजूला पांढरा. क्लिअर एकच, ऊन एकच. मामेभाऊ अजून चार लोकांत सांगतो की मी ब्रँडच्या नादी लागून पैसे घालवतो. मला ब्रँडशी देणंघेणं नाही. नेरोलॅक घ्या, निप्पॉन घ्या, पीपीजी, सिकेन्स, स्टॅन्डॉक्स, ज्याचा डीलर तुमच्याकडे माल वेळेवर पोचवतो तो घ्या. फक्त डबा आणि त्याचा हार्डनर एका घरचे असू द्या. ती गाडी मी पुन्हा केली, पिवळा थर पार खाली उतरवून, माझ्या खर्चाने. भागी त्यानंतर मोडली.

आता सीलर. तुमच्याकडे सगळे पॅनल नवे कोरे येत असतील तर एक वेळ वगळा. पण ठोकलेल्या गाडीच्या एकाच दरवाज्यावर जुना रंग, घासून उघडी पडलेली पत्र्याची कडा, लांबीचा पट्टा आणि प्रायमरचा ठिपका असे चार तुकडे असतात. प्रत्येक तुकडा बेसमधला (क्लिअरखालच्या रंगातला) थिनर वेगळा पितो. पंधरा दिवसांनी लांबीची कडा नकाशासारखी वर दिसायला लागते आणि गिऱ्हाईक तुमच्या डेंटरला शिव्या घालतं. सीलर हे तुकडे एक करतो. न घासता ओल्यावर ओला मारायचा सीलर घ्या, दहा-पंधरा मिनिटांत बेस मारता येतो, दिवस वाचतो. पांढरा, करडा, काळा असा शेडनुसार मिळतो तो घ्या. लाल आणि पिवळ्या शेड कमी झाकतात, त्यांच्याखाली योग्य करडा असेल तर बेसचे कोट वाचतात, म्हणजे सीलरचा खर्च तिथेच निघतो. एक लक्षात ठेवा, सीलर हा गंजाचा उपाय नाही. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर. आणि अ‍ॅसिड एचिंग प्रायमरवर (पत्रा आम्लाने किंचित खरवडून धरणारा प्रायमर) पॉलिस्टरची लांबी कधीही भरू नका, ती सुटते.

क्लिअरमध्ये लिटरचा भाव बघून फसू नका. चारास एक असं मिसळायचं क्लिअर आणि दोनास एक असं मिसळायचं क्लिअर यांची तुलना नुसत्या डब्याच्या भावाने होत नाही. पहिल्यात चार लिटरला एक लिटर हार्डनर लागतो, दुसऱ्यात दोन, आणि महाग असतो तो हार्डनरच. गनमध्ये भरायला तयार झालेल्या लिटरचा भाव काढा, मग तो पॅनलला किती लागतो ते बघा. एचएस (हाय सॉलिड, म्हणजे दाट) क्लिअर दोन कोटांत ५०-६० मायक्रॉन देतं. एमएसला (मीडियम सॉलिड) तेवढं गाठायला तिसरा कोट लागतो, म्हणजे माल, वेळ आणि बूथचं डिझेल वाढलं. पॅनलच्या दरावर विम्याची कामं करताना नेमका हाच तिसरा कोट चोरला जातो, आणि दोन वर्षांत छप्पर सोललं की आपलं नाव जातं. विम्यात रंगाच्या बिलातले पंचवीस टक्के मटेरियल धरून त्यावर पन्नास टक्के घसारा कापतात, हे गिऱ्हाइकाला आधीच समजावून सांगा. पण त्या कापलेल्या पैशाची भरपाई क्लिअर पातळ करून करू नका.

पावसात आम्हाला सर्वांत जास्त त्रास पाण्याचा होतो. आयसोसायनेटला पाणी मिळालं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, क्लिअरमध्ये बारीक बुडबुडे येतात. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी सोडायचं, लाइनला ड्रायर हवाच, आणि हार्डनरचा डबा ओतून झाला की लगेच घट्ट बंद करायचा. डब्यात गढूळपणा किंवा गाठ दिसली तर तो डबा टाकायचा. घाईत फास्ट हार्डनर घालू नका. वरून साय धरते, आतला थिनर अडकतो आणि बेक करताना फुटतो. साठ अंश पत्र्याचं तापमान धरायचं, बूथच्या हवेचं नाही, आणि ते आल्यावर अर्धा तास.

अर्थात हे सगळं मी कोकणातून लिहितोय. जतला पाऊस कमी, ऊन कडक आणि धूळ उदंड. तुम्हाला उन्हाळ्यात स्लो हार्डनर आणि स्लो थिनर लागेल, नाहीतर क्लिअर पसरायच्या आधी सुकून संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत थर उठेल. धुळीसाठी बूथचे फिल्टर वेळेवर बदला आणि बूथबाहेरची जमीन ओली ठेवा. प्लास्टिक बंपरला अ‍ॅडहिजन प्रमोटर (रंग प्लास्टिकला धरून ठेवणारा थर) वेगळा लागतो, तो माझ्या वरच्या हिशोबात धरलेला नाही.

आणखी एक, जे आधी लिहायला हवं होतं. हार्डनर कुठलाही असो, महागडा असो की स्वस्त, त्याचा फवारा फुप्फुसात जाऊ देऊ नका. आयसोसायनेटने दमा होतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या वासानेही छाती भरून येते. आमच्याकडे ज्यांच्याकडून मी गन धरायला शिकलो ते काका आयुष्यभर तोंडाला रुमाल बांधून मारत राहिले, आज चार पायऱ्या चढताना थांबतात. रुमाल किंवा कापडी मास्क काही अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा येणारा एअर-फेड मास्क पेंटरला द्या, हातमोजे द्या. बूथला पैसे घातलेत, तर यालाही घाला.

मिक्सिंग मशीनचं म्हणाल तर ते फुकट नसतं. कागदावर दर महिन्याच्या किमान खरेदीचा आकडा असतो, तो नीट वाचा. तेवढं काम होत नसेल तर टिंटरचे (शेड बनवायच्या मूळ रंगांचे) डबे पडून राहतात, न ढवळलेले टिंटर तळाला बसतात आणि शेड चुकते. तोवर सांगली-मिरजेच्या डीलरकडून शेड बनवून घ्या. सोबत तांत्रिक पत्रक मागा, ज्यात हार्डनरचा नंबर, गुणोत्तर आणि फ्लॅश टाइम (दोन कोटांमध्ये थांबायचा वेळ) असतो. उरलेल्या डब्यावर गाडीचा कलर कोड आणि तारीख मार्करने लिहून ठेवा, तीच गाडी महिन्याभरात दुसरा दरवाजा घेऊन परत येते.