नील जेन्किन्स वेगवान नव्हता, मग वेल्सच्या रग्बीत त्याचं नाव इतकं मोठं का?

किकमुळे. जेन्किन्स (जन्म १९७१) १९९१ ते २००२ या काळात वेल्सकडून ८७ सामने खेळला आणि १०४९ गुण केले. आंतरराष्ट्रीय रग्बीत हजार गुणांचा टप्पा गाठणारा तो पहिला खेळाडू. क्लब मुख्यतः पाँटिप्रिथ, जागा फ्लाय-हाफची (मैदानावर खेळाची दिशा ठरवणारा खेळाडू).

त्याचं मोल कळायचं तर १९९७ चा ब्रिटिश लायन्सचा (ब्रिटन आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंचा एकत्र संघ) दक्षिण आफ्रिका दौरा बघा. तिथे त्याला फुलबॅकला, म्हणजे सगळ्यात मागच्या जागी खेळवलं, फक्त किक बिनचूक बसाव्यात म्हणून. धाडसी निवड होती ती, आणि माझ्या मते अगदी योग्य! डर्बनच्या दुसऱ्या कसोटीत आफ्रिकेने तीन ट्राय केले (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं), म्हणजे १५ गुण; पण प्रत्येक ट्रायनंतरची दोन गुणांची किक हुकली. लायन्सचा एकही ट्राय नव्हता. जेन्किन्सने समोरच्यांच्या चुकांबद्दल मिळालेल्या, तीन-तीन गुणांच्या पाच पेनल्टी किक मारून १५-१५ केलं, मग लायन्सच्याच जेरेमी गस्कॉटच्या ड्रॉप गोलने (चालू खेळात चेंडूला टप्पा देऊन मारलेली तीन गुणांची किक) सामना १८-१५ असा जिंकला आणि मालिकाही खिशात आली.

चेंडू उभा करायला तो प्लॅस्टिकच्या टीऐवजी वाळूचा छोटा ढीग वापरायचा. उंची आणि कल हाताने हवा तसा ठरवता येतो. निवृत्तीनंतर त्याने वेल्सच्या खेळाडूंना किकच शिकवली.