केमिस्ट्री जमत नाही, सायन्स सोडू का?

जूनमध्ये दहावीचे पेढे वाटून झालेले असतात आणि दिवाळीच्या आसपास त्यातलीच काही घरं माझ्याकडे समुपदेशनाला येतात. तक्रार ठरलेली: 'दहावीला विज्ञानात नव्वदच्या वर होते, अकरावीत केमिस्ट्रीची दांडी उडाली. वेळेवर कॉमर्सला घालावं का?' अशाच एका मुलीबद्दल लिहिते आहे. तिची आणि तिच्या आईची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

बोलत होती ती आईच. "मॅडम, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत घोकत बसते, आणि पेपर हातात आला की पाटी कोरी." मुलगी एवढंच म्हणाली, "मी ढ आहे. मला नाही झेपत."

अशा वेळी कल चाचणी घ्यावी ही अपेक्षा असते. पालकांना छापील अहवाल हातात पडल्याचं समाधानही मिळतं. मी ती लगेच घेत नाही. आधी विचारते, नेमकं कुठल्या पानावर अडलं? 'केमिस्ट्री' हे त्याचं उत्तर होत नाही. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी रसायनशास्त्र शिकवत होते, त्यामुळे वही उघडायला सांगताना मला संकोच वाटत नाही.

तिनं बाँडिंगचा धडा काढला. अक्षर सुरेख, दोन रंगांचे हायलायटर. एका ओळीत होतं, सहसंयुज बंध (दोन अणूंनी इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेतल्यानं जुळणारा) मजबूत असतो. त्याच्या खाली चार ओळींवर, साध्या सहसंयुज संयुगांचे द्रवणांक आणि उत्कलनांक (वितळण्याचं आणि उकळण्याचं तापमान) कमी असतात. दोन्ही वाक्यं पिवळी केलेली. समासात पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढून खोडलेलं, पण कागदावर उमटलेलं दिसत होतं.

"हे खोडलंस का?"

"बाकी सगळ्यांना कळलं होतं ना."

मी तिला कोरा कागद दिला आणि म्हटलं, पाणी उकळताना आत काय होतं ते काढून दाखव. तिनं पाण्याचा रेणू नीट काढला, ऑक्सिजनच्या दोन बाजूंना दोन हायड्रोजन, मधल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या, ऑक्सिजनच्या एकाकी जोड्यासुद्धा. मग बाण. आणि बाणापुढे सुटे हायड्रोजन, सुटा ऑक्सिजन.

"म्हणजे चहाच्या पातेल्यातून हायड्रोजन बाहेर येतो? खाली गॅस पेटलेला असताना?"

ती हसली. पहिल्यांदाच.

गोम इथेच होती, आणि ती एकट्या या मुलीची नाही. उकळणं म्हणजे बंध तुटणं, असं कितीतरी मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं. एकदा ते बसलं की तिच्या वहीतली दोन वाक्यं एकमेकांच्या उरावर बसतात. बंध मजबूत असेल तर उकळायला जास्त उष्णता लागायला हवी, कमी कशी? तिचा तर्क चोख होता, गृहीतक तेवढं चुकीचं. वाफ म्हणजे पाण्याचे अख्खे रेणूच एकमेकांपासून दूर गेलेले. रेणूच्या आतला सहसंयुज बंध जिथल्या तिथे राहतो. सुटते ती रेणू-रेणूंमधली ओढ, म्हणजे आंतररेण्वीय बल, आणि ते बंधाच्या मानानं बरंच दुबळं असतं. किती दुबळं? १८ ग्रॅम पाण्याची, म्हणजे साधारण चार चहाच्या चमच्यांची, उकळून वाफ करायला सुमारे ४१ किलोज्यूल लागतात. त्याच पाण्यातले सगळे बंध तोडायचे तर सुमारे ९२६. देव्हाऱ्यातला कापूर डबीत हळूहळू उडून जातो, तेव्हाही त्याचे रेणू मोडत नाहीत, तसेच्या तसे हवेत जातात. म्हणून तर वास कापराचाच येतो.

हिऱ्याचं काय, हे तिनंच विचारलं. हिऱ्यात वेगळे असे रेणूच नाहीत. प्रत्येक कार्बन चार कार्बनांना बांधलेला, अशी सलग जाळी. तिथे मात्र खरोखर बंधच तोडावे लागतात, म्हणून तो साडेतीन हजार अंशांच्या पुढेही दाद देत नाही. वाळूतही अशीच जाळी असते. 'साध्या', म्हणजे सुट्या रेणूंच्या, हा शब्द तिनं हायलायटरमध्ये घेतला होता, वाचला नव्हता.

घरी करायला एकच काम दिलं. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन यांच्या बंधाची ऊर्जा आणि उत्कलनांक शेजारी-शेजारी लिहायचे. पुढच्या वेळी तक्ता घेऊन आली. बंधऊर्जा २४२, १९३, १५१ अशी उतरत गेलेली, उत्कलनांक मात्र उणे ३४, ५९, १८४ असे चढत गेलेले. "मॅडम, हे तर उलटंच आहे!" मी गप्प बसले. थोड्या वेळानं तीच म्हणाली, रेणू मोठा होतो, इलेक्ट्रॉन वाढतात, मग त्यांची आपसातली ओढ वाढत असेल. पाठ केलेलं उत्तर नव्हतं ते, आणि बरोबर होतं.

आईनं लगेच विचारलं, "मग सायन्सच ठेवायचं ना?" इतक्या घाईनं मी हो म्हणत नाही. एका धड्याचा गुंता सुटला म्हणजे मोल संकल्पनेची (अणू-रेणू मोजायच्या एककाची) गणितं आपोआप सुटत नाहीत, आणि ती अजून तिला जड जातात. शाखेचा निर्णय सत्र परीक्षेनंतर घ्यायचा ठरलं. वाटलंच तर कल चाचणीही तेव्हाच. आईला दोन गोष्टी सांगितल्या. रात्री अकरानंतर पुस्तक बंद. आणि 'किती पाठ झालं?' याऐवजी 'आज काय पटलं नाही?' हे विचारायचं, उत्तर स्वतःला कळो न कळो. ट्यूशन बदलण्याचा विषय निघाला, तो मी पुढे जाऊ दिला नाही.

मुलीला एक अट घातली. समासातलं प्रश्नचिन्ह खोडायचं नाही, आठवड्यातून एक तरी वर्गात विचारायचं. तिनं पहिला निवडला तो असा: हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या रेणूहून जड, तरी तो उणे ६० अंशांना उकळतो आणि पाणी १०० ला, असं का? सरांनी हायड्रोजन बंधाचं, म्हणजे पाण्याच्या रेणू-रेणूंमधल्या खास जोरदार ओढीचं, पान काढून दिलं आणि सांगितलं, आता हायड्रोजन फ्लोराइड आणि हायड्रोजन क्लोराइडचे आकडे बघून ये.