शिट्स क्रीक सोडून कॅनडाच्या टीव्हीवर बघण्यासारखं काही आहे का? तुमच्या काही आठवणी असतील तर सांगा.

आहे की. पण आधीच सांगतो, मी कॅनडा पाहिला तो रेजायनातून, म्हणजे सस्कॅचवान प्रांतातून. टोरंटोचा मराठी माणूस तुम्हाला वेगळीच नावं देईल.

२००५ च्या ऑक्टोबरात आम्ही तिघं इथे उतरलो. तळघरातली भाड्याची जागा, आधीच्या भाडेकरूने मागे सोडलेला जाडजूड टीव्ही आणि त्याच्या डोक्यावर दोन दांड्यांचा अँटेना. केबलला पैसे नव्हते. अँटेना खिडकीकडे वळवला की सीबीसी, सीटीव्ही आणि ग्लोबल अशा तीन इंग्रजी वाहिन्या दिसायच्या. चौथी फ्रेंच होती. तिचं चित्र सगळ्यात स्वच्छ यायचं आणि कळायचं काहीच नाही. त्यामुळे आम्ही कॅनडाच्या मालिका आवडीने निवडल्या वगैरे काही नाही. जे दिसलं ते पाहिलं.

मी तेव्हा एका पेट्रोल पंपावर रात्रपाळी करायचो. बाहेर उणे ३५. इथे गाड्यांच्या पुढून एक वायर लोंबत असते. इंजिन गोठू नये म्हणून ती रात्रभर प्लगला लावून ठेवायची. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, गाडी मोबाइलसारखी चार्ज करतात की काय. पहाटे चारच्या सुमाराला कॉफीला येणारा एक म्हातारा ट्रकवाला मला रोज 'ब्रेंट' म्हणून हाक मारायचा. बिचाऱ्याला आपलं नाव जमत नाही असं धरून मीही 'ओ' द्यायचो. महिन्याभराने बायको म्हणाली, "अहो, टीव्हीवर एक पंपवाला दाखवतात, त्याचं नाव ब्रेंट आहे."

ती मालिका 'कॉर्नर गॅस'. सीटीव्हीवर २००४ ते २००९, एकूण १०७ भाग. डॉग रिव्हर नावाचं काल्पनिक खेडं. तिथला पंप ब्रेंट चालवतो, शेजारी टोरंटोहून आलेल्या लेसीचं छोटं हॉटेल, दुकानात वांडा, गावात दोन पोलीस आणि हँक नावाचा एक बिनकामाचा मित्र. घडत काहीच नाही. ब्रेंटचे वडील ऑस्कर दिवसभर करवादत असतात आणि आई एम्मा त्यांना एका वाक्यात गप्प करते. एखाद्या क्षुल्लक गोष्टीवरून अख्खं गाव बावीस मिनिटं वाद घालतं. आपल्याकडे पारावर दुपारी जे चालतं तेच, फक्त हातात चहाऐवजी कॉफी.

पहिल्याच भागाची सुरुवात बघा. एक परका माणूस पेट्रोल भरायला थांबतो आणि म्हणतो, किती सपाट आहे इथे, बघायला काहीच नाही. ब्रेंट शांतपणे म्हणतो की बघायला भरपूर आहे, मध्ये अडवायला काही नाही. मी मंगळवेढ्याचा. ज्वारीच्या रानात उभं राहिलं की चारी बाजूंना क्षितिजापर्यंत काळी माती, हे बघत मोठा झालो. 'तुमच्याकडे बघायला काय आहे?' हा प्रश्न पुण्यात शिकायला गेलो तेव्हापासून ऐकत आलो होतो. त्याचं उत्तर मला सस्कॅचवानच्या पंपवाल्याने दिलं.

आणि दुसरी गंमत म्हणजे वुलर्टन. हे शेजारचं गाव. कोणीही त्याचं नाव काढलं की डॉग रिव्हरची सगळी माणसं एकदम जमिनीवर थुंकतात आणि जणू काही झालंच नाही अशी बोलणं पुढे चालू ठेवतात. दोन गावांत कसलं वैर आहे, हे कोणाला विचारावंसं वाटत नाही. माझ्या आजोळी ओढ्यापलीकडच्या गावाबद्दल अगदी अशीच भावना होती, थुंकायचे तेवढे नाहीत.

२००७ च्या उन्हाळ्यात आम्ही रूलोला गेलो. रेजायनापासून नैर्ऋत्येला पाऊण तासावर असलेलं हे खरं खेडं; मालिकेचं बाहेरचं चित्रीकरण तिथेच व्हायचं. पंप आणि हॉटेल रस्त्याच्या कडेला तसेच उभे. धान्य साठवायच्या उंच लाकडी कोठारावर मोठ्या अक्षरांत डॉग रिव्हर लिहिलेलं. आमच्या पुढे एक गाडीवाला खरंच पेट्रोल भरायला थांबला, नळी हातात घेतली आणि मग खजील होऊन हसला. मी सवयीने त्याला 'आत पैसे भरा' म्हणणार होतो. पुढे २०१६ मध्ये तो सेट पाडला आणि २०२१ मध्ये कोठार जळून गेलं. आता फोटोच उरलेत, त्यातल्या एकात मी डोळे मिटलेले.

शेवटचा भाग सुमारे ३० लाख लोकांनी पाहिला. सस्कॅचवानची तेव्हाची लोकसंख्या जेमतेम दहा लाख, म्हणजे बाकीचा देशही बघत होता. एक मात्र खटकायचं. पोलीस डेव्हिसचं काम करणारा लॉर्न कार्डिनल स्वतः क्री आदिवासी समाजातला. रेजायनात या समाजाची वस्ती मोठी, पंपावर निम्मी गिऱ्हाइकं तीच असायची, आणि त्यांच्याशी इथले काही लोक कसे वागतात तेही मी काउंटरमागून पाहत होतो. मालिकेत त्याची सावलीही पडत नाही. माझ्या एका सहकाऱ्याला, तोही क्री, हे उलट आवडायचं. "एक तरी जागा असू दे जिथे आम्ही फक्त विनोद करतो," असं म्हणायचा. मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुलगी तेव्हा तीन वर्षांची. सकाळी मी पंपावरून आलो की ती सीबीसीवर 'मिस्टर ड्रेसअप' बघत असायची. १९६७ ते १९९६ चाललेला कार्यक्रम, पण पुनःप्रसारण सुरू होतं. एक चष्मेवाले काका कागदावर चित्र काढतात, रंगीत पेटाऱ्यातून कपडे काढून घालतात आणि कोणीतरी वेगळेच होतात. आवाज चढत नाही, घाई नाही. रात्रभर जागून आलेल्या माणसाला त्यासारखी झोप दुसरी नाही. एकदा वरच्या मजल्यावरची आजी खाली आली, पेटारा बघून टीव्हीसमोर तशीच उभी राहिली आणि डोळे पुसायला लागली. तिची तिन्ही मुलं या माणसासमोर वाढलेली. ते अर्नी कूम्ब्स, २००१ मध्येच वारलेले. मुलीला आम्ही ते सांगितलं नाही. मूळचे अमेरिकेतल्या मेन राज्यातले, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे कॅनडाचे सगळ्यात लाडके काकाही आमच्यासारखे बाहेरूनच आलेले.

'लिटल मॉस्क ऑन द प्रेअरी' (सीबीसी, २००७ ते २०१२) सुरू झाली तेव्हा आमच्या शहरात जरा जास्त चर्चा, कारण ती सुचलेल्या झरका नवाझ रेजायनातच राहतात. सस्कॅचवानमधल्या छोट्या गावातली मशीद, तीही चर्चची जागा भाड्याने घेऊन. सुरुवातीचे दोन सीझन बघा, पुढे पाणी घातल्यासारखं होतं.

'किम्स कन्व्हिनियन्स' तुम्ही बहुतेक नेटफ्लिक्सवर पाहिली असेल. नसेल तर शिट्स क्रीकच्या आधी ही बघा. टोरंटोतलं कोरियन कुटुंब, किराणा दुकान, आणि एकमेकांशी न बोलणारे बाप-लेक. आप्पा आणि उम्मा या हाका ऐकून आमच्या सोलापूरकडच्या घरांत कोणाला परकं वाटणार नाही. आईने मुलाला बापाच्या चोरून भेटायचं, बापाला ते माहीत असतं आणि आईला ते माहीत असल्याचं माहीत असतं. यात कोरियन किती आणि मराठी किती, सांगता येत नाही. राग एवढाच की २०२१ मध्ये पाचव्या सीझनवर ती अर्धवट थांबली. सहावा सीझन जाहीर झाला होता, पण मालिका रचणारी मूळ मंडळी बाजूला झाली. त्या बाप-लेकांचं नीट बोलणं बघायची आमची इच्छा राहून गेली.

शिट्स क्रीकबद्दल: २०२० मध्ये नऊ एमी (अमेरिकेतले टीव्हीचे मोठे पुरस्कार) मिळाले, ते योग्यच. पण पहिले पाच-सहा भाग ते कंगाल झालेलं श्रीमंत कुटुंब सोसत नाही. कॅथरीन ओहाराने रंगवलेली त्यातली आई, मोइरा, नसती तर मी सोडून दिली असती.

आणि मालिका नाही, तरी 'हॉकी नाइट इन कॅनडा', म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या सामन्यांचं प्रक्षेपण, वगळून चालणार नाही. शनिवारी रात्री इथे तेच. मला बर्फावरची ती काळी चकती दिसायचीच नाही, मुलगा (तो इथलाच जन्म) ओरडला की गोल झाला असं समजायचं. मग पंजाबी समालोचन सापडलं, २००८ पासून आहे ते. समालोचक हरनारायण सिंग २०१६ च्या स्टॅनले कप (इथल्या हॉकीचा सगळ्यात मोठा चषक) फायनलमध्ये गोल करणाऱ्या खेळाडूचं नाव घेत 'बोनिनो, बोनिनो, बोनिनो' असे ओरडले, ती क्लिप आमच्या घरी अजून लागते. स्लॅप शॉटला, म्हणजे काठी उगारून चकतीला मारलेल्या जोरदार फटक्याला, ते 'चपेड' (पंजाबीत थप्पड) शॉट म्हणतात. मराठी समालोचन झालंच तर काय म्हणायचं, यावर घरात एकमत नाही. मुलगा म्हणतो चपराक, मी म्हणतो मुस्काटात. बायको म्हणते आधी चकती दिसू दे.